गाणं गावचं, चॅनेल कुणाचं?

लग्नसराई आली की वाघ्या-मुरळीच्या पार्ट्यांना उसंत नसते. रात्रभर जागरण चालते आणि मांडवात पाच-पन्नास मोबाइल वर धरलेले दिसतात. उजाडायच्या आत रात्रीचे गाणे व्हॉट्सॲपवरून पाहुण्यारावळ्यांत फिरू लागते. पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेला गावचा माणूस दुपारच्या सुट्टीत तेच गाणे ऐकतो आणि चार जणांना पुढे पाठवतो.

हे चित्र फार जुने नाही. यूट्यूब २००५ साली निघाले खरे, पण खेड्यात ते पोचले २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्याआधी पोरं तालुक्याच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणत. त्याच्याही आधी जत्रेतले कॅसेटचे दुकान. कोणाची कॅसेट काढायची हे शहरातली कंपनी ठरवी. बऱ्याच लोककलावंतांच्या हाती एकरकमी बिदागी पडे. पुढे कॅसेट किती खपली, याचा हिशेब त्यांच्यापर्यंत येत नसे.

नेटने कंपनीचा तो उंबरठा मोडला, हे मान्य केलेच पाहिजे. खानदेशात अहिराणी गाण्यांचे पीक आले आहे. कोळीगीते, भीमगीते, गोंडी गाणी, ज्याला गळा आहे तो गातो आणि टाकतो. शाळेत ज्या बोलीला हसत, त्याच बोलीत पोरं आता मोकळेपणी गातात. ही कमाई पैशात मोजण्यासारखी नाही.

पण पैशाचाही सवाल आहेच. बहुतेक ठिकाणी गाणारा एक आणि चॅनेलवाला दुसरा असतो. कॅमेरा, एडिटिंग, अपलोड हे सारे दुसऱ्याकडे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायचा तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे लागते (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज). ही अट पुरी झाली की पैसा चॅनेलला जोडलेल्या खात्यात जातो. त्यात गळा कोणाचा, ढोलकी कोणाची, हे यूट्यूब विचारत नाही. म्हणजे कंपनी गेली, पण एकरकमी बिदागी राहिलीच. फरक इतकाच की आता समोरचा माणूस ओळखीचा असतो, म्हणून कागद मागायची लाज वाटते.

खरे तर कायदा कलावंताच्या बाजूने बराच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कोणी लिहून घेऊ शकत नाही; तो फक्त वारसाला किंवा हक्कसंस्थेला देता येतो. हक्क द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात आणि कागदावर मुदत नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. परंपरागत गाणे असेल तर त्याचे शब्द कोणा एकाचे नाहीत. तरी गाणाऱ्याला आपल्या गायनावर ५० वर्षांचा हक्क आहे आणि आपले नाव लावून घेण्याचाही हक्क आहे. पण तोंडी व्यवहारात हे शाबीत कसे करायचे?

दुसरी अडचण दाव्यांची. परंपरागत चाल सगळ्यांची. परंतु तिचे एखाद्या कंपनीने केलेले रेकॉर्डिंग त्या कंपनीचे. यूट्यूबचे यंत्र आवाज जुळवून पाहते आणि जुळला की दावा लावते. तयार ट्रॅकवर गाणाऱ्या पोरांना हा फटका हमखास बसतो. गाणे स्वतःच वाजवलेले असेल तर दाव्याला हरकत घेता येते आणि दावेदाराला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण ही हरकत घेण्याचा अधिकार चॅनेलवाल्याचा, गाणाऱ्याचा नव्हे. घोडे पुन्हा तिथेच अडते.

नाव राखायचे मनात आणले तर ते राखता येते, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर आहेत आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहिलेले असते. जिला आयुष्यभर कोणी गायिका म्हटले नाही, तिचे नाव तिथे टिकून आहे. लाखांनी पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओखाली मात्र पुष्कळदा फक्त चॅनेलचे नाव आणि बुकिंगसाठी फोन नंबर असतो, तोही चॅनेलवाल्याचा.

तेव्हा पार्टीवाल्यांनी गाण्याआधी एक साधा कागद करावा. कोणते गाणे, किती वर्षांसाठी, उत्पन्नात कोणाचा किती वाटा आणि खाली कोणाकोणाची नावे, एवढे चार मुद्दे पुरेत. जमल्यास पार्टीचे चॅनेल पार्टीच्याच बँक खात्यावर काढावे. घरातल्या शिकल्या पोराला ते अवघड नाही. गीत-संगीत करणाऱ्यांनी हक्कसंस्थेचे सभासद व्हावे.

चॅनेलवाला चोर आहे असे इथे म्हणायचे नाही. त्याचीही मेहनत आहे, त्याचाही वाटा हवा. पण बटाईने रान करताना वाटा आधी ठरतो. मग गाण्याचाच व्यवहार भिडेखातर का सोडायचा?