बारा खाटांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई

गेल्या दिवाळीत मागच्या गल्लीतल्या मावशी फराळाला आल्या होत्या. निघताना दारात माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अंगावरून लाल जातंय गं, चार महिने झाले. सुनेला सांगू नको हं." पाळी जाऊन त्यांना बारा वर्षं झालेली. सून कन्नड घरातली, शिकलेली, मायाळू. पण तिच्यापुढेही तोंड उघडेना. अंगावरून पांढरं जाण्याला कन्नडात 'बिळी सेरगू' म्हणतात. सेरगू म्हणजे पदर. आपल्या बायकांची ही दुखणी भाषा कुठलीही असो, पदराआडच राहतात.

मला त्या क्षणी आठवण झाली चेन्नईच्या डॉ. व्ही. शांता यांची. जन्म १९२७ चा, सी. व्ही. रामन यांच्या घराण्यातला. १९४९ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १९५५ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. सरकारी स्त्री-रुग्णालयातली पक्की नोकरी समोर होती. ती सोडून त्या गेल्या अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ मध्ये सुरू केलेल्या त्या दवाखान्यात तेव्हा जेमतेम बारा खाटा होत्या. डॉक्टर दोनच, मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि शांताबाई. तीन वर्षं त्यांनी बिनपगारी काम केलं. पुढे महिना दोनशे रुपये आणि आवारातच राहायला जागा मिळाली. लग्न केलं नाही. त्या आवारातच त्यांचं आयुष्य गेलं.

कॅन्सर म्हणजे मरण, अशीच तेव्हा लोकांची समजूत. शांताबाईंचं म्हणणं वेगळं होतं. रोग लवकर हाती लागला तर बरा होतो, हे त्यांनी साठ वर्षं करून दाखवलं. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधं यांची सांगड घालण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या संस्थेनं चेन्नई शहरातल्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली. त्याच नोंदींतून तिथल्या बायकांमधलं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण हळूहळू उतरत गेल्याचं दिसलं. २००५ मध्ये मॅगसेसे मिळालं, पुढे पद्मविभूषणही. १९ जानेवारी २०२१ रोजी, ९३ व्या वर्षी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, पिशवीच्या तोंडाचा हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरात टिकून राहिला, तर त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे त्याला गाठायला आपल्याला तेवढा वेळ मिळतो! हे आपल्या शेजारीच सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आता मुलींसाठी लसही आहे. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा हे तिचं उत्तम वय.

तेव्हा तिशी उलटली की तपासणी करून घ्या. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका.

मावशींचं काय झालं? मी गुपित पाळलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुनेला सांगितलं. तीच त्यांना घेऊन गेली. तपासात साधी गाठ निघाली, चार महिन्यांचा घोर आठवड्यात फिटला. प्रत्येकीचं असंच निघेल असं नाही. म्हणूनच लवकर जायचं. परवा मावशी मला म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून आधी रागच आला होता गं." आणि हसल्या.

आज रात्री भांडी आवरताना तुमच्या घरातल्या मोठ्या बाईला विचारा. मराठीत विचारा नाहीतर कन्नडात, पण विचारा.