तबकडीवरच्या मालिका आणि प्रकाशकाचा धर्म

पुस्तक छापणे आणि पुस्तक प्रकाशित करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागत नाही. छापखाना हाती येईल तो मजकूर कागदावर उतरवून देतो. प्रकाशकाने मात्र कोणती संहिता प्रमाण मानायची, गळालेले पान कोठे गेले, मागच्या आवृत्तीत शिरलेल्या चुका निघाल्या की नाहीत, ह्याची काळजी वाहावी अशी अपेक्षा असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पुरे केले. त्या आवृत्तीत वगळलेले पाठसुद्धा तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवून ठेवले आहेत. संपादकाने काय घेतले आणि काय सोडले, हे वाचकाला ताडून पाहता यावे, हा त्यामागचा हेतू.

हीच कसोटी दूरचित्रवाणीच्या मालिकांना लावली तर काय दिसते? अमेरिकेतले आणि इंग्लंडातले मोठमोठे स्टुडिओ आपल्या जुन्या मालिका घरी पाहण्यासाठी तबकड्यांवर आणतात, तेव्हा ते छापखानेवाले असतात की प्रकाशक? कोणी म्हणेल, महाभारत कोठे आणि अमेरिकेतली विनोदी मालिका कोठे! पण येथे तुलना कृतींच्या योग्यतेची नाही, त्या हाताळणाऱ्यांच्या जबाबदारीची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोट्यवधी माणसांनी जे कथावाङ्मय अनुभवले ते बहुतांशी पडद्यावरचेच होते. ते पुढच्या पिढीच्या हाती कोणत्या रूपात पडते, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

प्रथम फॉक्स कंपनीचे श्रेय तिला दिले पाहिजे. डीव्हीडी अमेरिकेत १९९७ साली बाजारात आली. तोपर्यंत मालिका कॅसेटवर मिळत, त्यासुद्धा एका कॅसेटवर एखाददुसरा भाग अशा. संपूर्ण मालिका घ्यायची तर घरात स्वतंत्र कपाट हवे! पॅरामाउंटने हीच सवय तबकडीवरही चालू ठेवली. ‘स्टार ट्रेक’ ह्या १९६६ ते १९६९ मधल्या मालिकेचे ७९ भाग तिने १९९९ पासून २००१ पर्यंत दोन-दोन करून ४० तबकड्यांत विकले. ह्याच सुमारास, २००० साली, फॉक्सने ‘एक्स-फाइल्स’चे पहिले पर्व, २४ भाग आणि ७ तबकड्या, एकाच संचात आणले. किंमत दीडशे डॉलरच्या घरात, म्हणजे तेथील माणसालाही जड वाटावी अशीच होती. पण पर्व हे मालिकेचे नैसर्गिक एकक आहे, ते अखंड दिले पाहिजे, हा विचार त्या संचाने रुजवला. पुढे सर्वांनी तोच मार्ग धरला. खुद्द पॅरामाउंटने २००४ साली ‘स्टार ट्रेक’ पर्वशः काढली आणि चाळीस तबकड्या जमवून बसलेल्या भाविकांनी पुन्हा खिशात हात घातला. एवढे होऊनही ‘पेरी मेसन’सारख्या जुन्या मालिका काढताना सीबीएस-पॅरामाउंटने एकेका पर्वाचे दोन खंड पाडले, हे विशेष. एका कादंबरीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगवेगळ्या पुठ्ठ्यांत बांधून दोनदा पैसे घ्यावेत, तसला हा प्रकार.

पण खंड कसे पाडले ह्यापेक्षा त्यांच्या आत काय आहे हे महत्त्वाचे. ‘ट्विन पीक्स’ ही १९९० ची गाजलेली मालिका. तिच्या पहिल्या पर्वाचा संच अमेरिकेत २००१ साली निघाला तो आरंभीच्या दीर्घ भागावाचून. ज्या भागात खून उघडकीस येतो आणि सारे गाव आपल्याला भेटते, तोच भाग नाही! कारण काय, तर त्या भागाचे हक्क दुसऱ्याकडे होते. २००७ च्या संचात तो एकदाचा जागेवर आला. ‘आल्फ’ ह्या विनोदी मालिकेचे पहिले पर्व लायन्सगेटने २००४ साली काढले, तेव्हा मूळ प्रक्षेपणातले भाग न घेता पुनःप्रक्षेपणासाठी कातरलेल्या प्रती घेतल्या. पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना अधिक जागा लागते, म्हणून प्रत्येक भागाची काही मिनिटे कापलेली असतात. तबकडीवर जाहिराती नाहीत, मग ती कात्री कशासाठी कायम ठेवली? उत्तर सोपे आहे. हाताशी ती प्रत होती आणि मूळ प्रत शोधण्याचे कष्ट कोणाला नको होते.

संगीताचा प्रश्न ह्याहून अवघड आहे, आणि तेथे स्टुडिओंची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९७० च्या दशकात एखाद्या मालिकेत लोकप्रिय गाणे वापरायचे तर करार प्रक्षेपणापुरता आणि ठरावीक मुदतीचा होत असे. मालिका कधी घरोघर विकत मिळेल, ही कल्पनाच करारपत्र लिहिणाऱ्याच्या मनात नव्हती. परिणामी तीस वर्षांनी तबकडी काढताना एकेका गाण्यासाठी गीतकाराचे प्रकाशक आणि ध्वनिमुद्रिका कंपनी ह्या दोघांकडेही नव्याने जावे लागते, आणि ते मागतील तो दाम मोजावा लागतो. व्यापारी माणूस येथे हिशेब करणारच. त्याबद्दल त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न एवढाच, की हिशेबात कृतीला किती किंमत दिली.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही मालिका (१९७८-८२) एका रेडिओ केंद्राची. तेथील निवेदक गाणी लावतात, त्या गाण्यांवर बोलतात, विनोद करतात. म्हणजे गाणी ही तिची पार्श्वभूमी नव्हे, तिचा विषय होय. फॉक्सने २००७ साली तिचे पहिले पर्व काढले ते बहुतेक गाणी बदलून. युनिव्हर्सलच्या ‘क्वांटम लीप’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९९० च्या एका भागात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेला एक नौदल अधिकारी छायारूपाने आपल्या पत्नीसमोर येतो. तिला तो दिसत नाही. रे चार्ल्सच्या ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ ह्या गाण्यावर तो तिच्याबरोबर नाचतो. २००४ च्या तबकडीवर ते गाणे काढून कसलेसे निनावी वाद्यसंगीत घातले. प्रसंग तोच, नट तेच, पण त्यातला प्राण गेला. ‘नॉर्दर्न एक्सपोजर’च्या संचांतही युनिव्हर्सलने बरेच संगीत असेच बदलले.

२००८ साली ‘द फ्युजिटिव्ह’च्या दुसऱ्या पर्वाचा खंड काढताना सीबीएस-पॅरामाउंटने कमाल केली. येथे बाहेरच्या गाण्यांचाच प्रश्न नव्हता. खास त्या मालिकेसाठी केलेले पार्श्वसंगीत काढून त्या जागी नवे, सिंथेसायझरवरचे संगीत चढवले. १९६० च्या दशकातल्या कृष्णधवल चित्राला हे ठिगळ! ग्राहकांनी फार ओरड केली, तेव्हा कुठे बरेचसे मूळ संगीत परत आणून सुधारित तबकड्या देण्यात आल्या.

‘परवडत नाही’ हे उत्तर सर्वस्वी खरे असते, तर कोणालाच परवडले नसते. पण शाउट फॅक्टरी ह्या तुलनेने लहान कंपनीने ‘फ्रीक्स अँड गीक्स’चे १८ भाग २००४ साली मूळ गाण्यांसह काढले. तिनेच २०१४ साली ‘डब्ल्यूकेआरपी’ची संपूर्ण मालिका बहुतेक मूळ गाण्यांनिशी परत आणली. त्याच वर्षी टाइम-लाइफने ‘द वंडर इयर्स’ काढली. जवळजवळ प्रत्येक भागात जुनी गाणी असलेली ही मालिका सुटणे अशक्यच, असे पूर्वी मानले जाई. किंमत अधिक पडली, पण ती देणारे निघाले. फॉक्सने ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही पोलीसजीवनावरची थोर मालिका दोन पर्वांनंतर अर्ध्यावर सोडली होती. तीही २०१४ साली शाउट फॅक्टरीनेच पूर्ण केली. ‘लॅरी सँडर्स शो’चे असेच झाले: सोनीने २००२ साली पहिले पर्व काढून हात आवरला, शाउट फॅक्टरीने २०१० साली सर्व पर्वे दिली. मोठ्या घरात हरवलेली वस्तू लहान घरात जपली जाते, असा हा अनुभव आहे.

म्हणून मोठ्या स्टुडिओंना सरसकट नापास करावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. ज्या सीबीएसने ‘फ्युजिटिव्ह’चे हाल केले, तिनेच ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’साठी केलेले काम थक्क करणारे आहे. ती मालिका चित्रित झाली ३५ मिलिमीटर फिल्मवर, पण तिचे संकलन झाले व्हिडिओफितीवर. त्यामुळे नव्या पडद्यावर चित्र धूसर दिसे. सीबीएसने मूळ निगेटिव्ह बाहेर काढून नव्याने उतरवले, सातही पर्वांचे संकलन जुन्या क्रमाने पुन्हा केले, यानांची दृश्ये पुन्हा जुळवली आणि २०१२ ते २०१४ ह्या काळात ब्ल्यू-रे संच काढले. विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही, आणि पुढच्या ‘डीप स्पेस नाइन’ला हे भाग्य लाभले नाही. चांगल्या कामाचे मोल ग्राहकानेही द्यावे लागते, हा ह्यातला कटू धडा.

आणि बीबीसी! ह्या संस्थेने १९६० आणि १९७० च्या दशकांत ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग पुसून टाकले. फिती महाग होत्या आणि जुने भाग पुन्हा दाखवण्याचे हक्क संपले होते. एवढ्या मोठ्या पापाचे प्रायश्चित्तही तिने तसेच घेतले. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती शोधल्या, ज्या रंगीत भागांच्या केवळ कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या त्यांतल्या अनेकांना पुन्हा रंग मिळवून दिला, आणि जेथे चित्र नष्टच झाले तेथे प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या आवाजावर नवी रेखाचित्रे चढवली. शिवाय तबकडीवर निर्मितीच्या टिपा पडद्याखाली वाचता येतात. संपादित आवृत्ती म्हणावी अशी ही आहे.

माझ्या मते खरी परीक्षा येथेच आहे. सर्व गाणी मिळणार नाहीत, सर्व भाग सापडणार नाहीत, हे कोणीही समजदार माणूस मान्य करील. पण काय बदलले ते सांगायला काय हरकत आहे? अनेक संचांच्या मागे बारीक टायपात एवढेच छापलेले असते, की काही भाग मूळ प्रक्षेपणाहून वेगळे असू शकतील. कोणते भाग? कोठे? किती? ह्याचा पत्ता नाही. एका चतकोर कागदावर पाठभेदांची यादी छापायला गाण्याच्या हक्काइतका खर्च खचित येत नाही. ती न छापणे ही काटकसर नव्हे, लपवाछपवी आहे. माझ्या लेखी स्टुडिओंचा क्रम लावायचा तर झगमगीत वेष्टनावरून नव्हे, ह्या प्रामाणिकपणावरून लावावा.

‘आता तबकड्या घेतो कोण? सारे काही स्ट्रीमिंगवर आहे,’ असा आक्षेप येईल. पण सारे काही तेथे खरोखर आहे काय? ‘वेस्टवर्ल्ड’ २०२२ च्या डिसेंबरात आपल्याच कंपनीच्या मंचावरून काढली गेली. डिस्नेने ‘विलो’ ही मालिका दाखवायला सुरुवात करून वर्षही झाले नव्हते, तोच २०२३ च्या मे महिन्यात हटवली. ‘सिम्पसन्स’चा मायकेल जॅक्सनचा आवाज असलेला १९९१ चा भाग २०१९ साली मागे घेण्यात आला, जुन्या तबकडीवर मात्र तो आहे. २०२१ साली ‘साइनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा रुंद पडद्यासाठी चित्राचा वरचा-खालचा भाग छाटला गेला आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात नेमका तो खड्डाच दृश्याबाहेर गेला! तबकडीतला दोष निदान स्थिर असतो. तो दाखवून देता येतो, दुसऱ्या प्रतीशी ताडता येतो. रातोरात बदलणारी संहिता ताडायची कशाशी?

आपल्याला ह्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. एक तर ह्या व्यापाराने भारतीय ग्राहकाला डीव्हीडीच्या पाचव्या विभागात बसवले. पहिल्या विभागातली अमेरिकन तबकडी येथल्या विभागबद्ध यंत्रावर चालत नाही. म्हणजे उत्तम आवृत्ती निघूनही ती आपल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पहिल्या दशकात तेथे मराठीत जे घडले, त्यातले आजच्या विद्यार्थ्याला अखंड, शुद्ध आणि टिपांसह किती पाहायला मिळते? परक्यांच्या आवृत्त्यांतले गुणदोष पारखायला शिकलो, तर उद्या आपल्या मालिकांची आवृत्ती कोणी काढायला निघाला तेव्हा त्याच्याकडे काय मागायचे, हे तरी आपल्याला ठाऊक असेल. पूर्ण कृती द्या; देता येत नसेल तर काय गाळले ते सांगा. मागणी एवढीच आहे, आणि ती फार मोठी नाही.