गाडी पोचेपर्यंत कोण? गुलमंडीच्या गल्लीपासून शेतवस्तीपर्यंत पहिला तास शेजाऱ्याच्याच हातात

छत्रपती संभाजीनगर : दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसते. फुलंब्री, गंगापूर, पैठण, खुलताबादकडची माणसं कपडालत्ता घ्यायला इथंच येतात. जुन्या गल्ल्या, खाली दुकान, वर माल, काही ठिकाणी त्याच्याही वर राहतं घर आणि डोक्यावर वायरींचं जाळं. अशा ठिकाणी आग लागली तर अग्निशमनची गाडी स्टेशनातून लगेच निघते. तिला वेळ लागतो तो गर्दीतून गल्लीत शिरायला.

शहराने याची एक झलक पाहिली आहे. २९ ऑक्टोबर २०१६, लक्ष्मीपूजनाच्या आदला दिवस. गुलमंडीपासून पायी अंतरावर, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषद मैदानावर फटाक्यांचा बाजार भरला होता. आग लागली आणि बघता बघता शंभराहून जास्त स्टॉल खाक झाले, उभ्या गाड्याही जळाल्या. ते तरी मोकळं मैदान होतं, माणसांना पळायला वाट होती. तीच ठिणगी चार हाताच्या गल्लीत पडली असती तर?

गल्लीत कुणाचा मीटर कुठं आहे, कोणत्या जिन्याला मागून दार आहे, कुणाच्या वरच्या खोलीत म्हातारी आई एकटी झोपते, हे अग्निशमनच्या जवानाला माहीत नसतं. शेजारच्या दुकानदाराला माहीत असतं. जवान आल्यावर त्याला हात धरून नेणारा माणूस हवा. तो नसेल तर भरलेला बंबही दारात उभा राहतो.

आता हेच गावात बघा. तालुक्याच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या वस्तीवर गंजीला आग लागली, तर बंब येईपर्यंत बहुतेक वेळा राख उरते. पुराचंही तसंच. राज्यातली एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ आहे, एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. जवान कितीही तयार असले तरी रस्ता तेवढाच लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने हे भोगलं. जायकवाडीतून २ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं, पैठणमधल्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. परंडा, आष्टी भागात अडकलेल्यांसाठी हेलिकॉप्टर आलं. पण ते येईपर्यंतचे तास लोकांनी छतावर, झाडावर, एकमेकांच्या आधाराने काढले.

किल्लारीची आठवण तर घराघरात आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून माणसं नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली, हजारो माणसं गेली. लष्कर आलं, मदत आली, पण अंधारात पहिले दगड उपसले ते वाचलेल्या माणसांनीच. जपानमध्ये कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला, तिथेही ढिगाऱ्याखालून निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. एवढा यंत्रसामग्रीचा देश, तिथे ही गत.

किल्लारीनंतरची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कोणाचं घर कच्चं, कोणाला पैसे मिळाले नाहीत, कोणाच्या भिंतीत काय कमी आहे, हे त्या दारोदार फिरून बघत. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा लातूर-धाराशिवकडच्या अशा बायका गुजरातेत मदतीला गेल्या. ज्यांना काल कोणी बैठकीत बोलावत नव्हतं, त्यांच्याकडे गावाची सगळ्यात पक्की माहिती निघाली. आजही गावात आशाताईला विचारा. कोण बाळंत होणार आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला डायलिसिसला न्यावं लागतं, सगळं तोंडपाठ असतं.

अडचण अशी की ही माहिती डोक्यात राहते, कामाच्या वेळी हाताशी नसते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्यानंतर गावपातळीवरचे आराखडेही झाले. बऱ्याच ठिकाणी तो आराखडा ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे आणि त्यातले फोन नंबर बदली होऊन गेलेल्या माणसांचे आहेत. कागद करू नये असं नाही, पण ज्या आळीला पाणी लागतं त्या आळीने तो वाचलेला तरी असावा.

आळीतल्या दहा-बारा घरांनी एका संध्याकाळी पारावर बसून ठरवण्यासारखं बरंच असतं. ट्रॅक्टर कोणाचा, चावी कुठं असते. जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब कोणाकडे. रात्री पाणी वाढलं तर गोठ्यातली दावी कोण सोडणार, कारण जनावर सोडायला गेलेला माणूसच वाहून जातो. ओढ्याच्या पुलावर पाणी चढल्यावर मोटारसायकलवाल्याला अडवायला कोण उभं राहणार. डीपीला कुणी हात लावायचा नाही, पण वायरमन आणि उपकेंद्राचा नंबर तिघा-चौघांकडे तरी हवा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोण उठवणार, याला नाव लावून ठेवावं. ‘कोणीतरी जाईल’ म्हटलं की कोणी जात नाही.

मोबाइलचा उपयोग इथे खरा आहे. वीज पडण्याची सूचना ‘दामिनी’ ॲपवर मिळते, सरकारी इशारे ‘सचेत’वर येतात. पण शेतात खुरपायला गेलेल्या बाईकडे फोन नसतो. ज्याच्या फोनवर सूचना आली त्याने बांधावरून हाक मारली तर ती झाडाखालून बाजूला होते. जुन्या काळी दवंडी हेच काम करत होती.

शेजार म्हणजे आपोआप विश्वास, असंही समजू नये. बांधाच्या वादावरून कोर्टात गेलेली भावकी एकमेकांच्या दारात जात नाही. गावठाणातला माणूस तांड्यावरच्या माणसाला यादीत धरायला विसरतो, दलितवस्ती बऱ्याचदा ओढ्याच्या काठालाच असते आणि निरोप तिथे शेवटी पोचतो. शहरात तर हे आणखी कडू रूपात दिसलं. मे २०१८ मध्ये गुलमंडीच्या आसपासच्या जुन्या भागात, मोतीकारंजा-राजाबाजारकडे दंगल उसळली. दोघांचा जीव गेला, दुकानं-गाड्या जळाल्या. वर्षानुवर्षं एकमेकांकडून उधारीवर माल उचलणाऱ्या गल्ल्या एका रात्रीत तुटतात, आणि त्यात अफवांचा वाटा मोठा असतो. पुराच्या रात्री ‘धरण फुटलं’ असा फॉरवर्ड आला तर त्याची खात्री कोण करणार, हेही म्हणून आधीच ठरलेलं बरं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ त्यासाठीच आहे.

आणि कधी कधी सगळा शेजारच एका झटक्यात जातो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, तेव्हा आत कोणी फोन करायला उरलं नाही. बातमी बाहेर आली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. रोजच्या वाटेवर गाव दिसेना म्हणून त्याने कळवलं. म्हणजे शेजारचं घर पुरत नाही, शेजारचं गावही लागतं. पलीकडच्या काठावरच्या गावातल्या दोघांचे नंबर आपल्याकडे आणि आपले त्यांच्याकडे असावेत. पाऊस असेल तर रात्री एकदा फोन व्हावा. फोन लागला नाही तर वाट न बघता ११२ वर कळवावं.

पावसाळ्याआधीची ग्रामसभा १ मे रोजी असते. त्या दिवशी गावाचा आपत्ती आराखडा मोठ्याने वाचून दाखवा असं कुणीही गावकरी म्हणू शकतो. वाचताना प्रत्येक नंबर तिथेच लावून बघितला तर कोणता चालू आणि कोणता बंद, हे सगळ्यांसमोर कळेल.