तापालाही वय कळते

'साधा फ्लू आहे, चार दिवसांत उतरेल,' हे आश्वासन पुणे शहरात जितक्या सहजपणे दिले जाते, तितक्याच सहजपणे जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या गावीही. परंतु फ्लूचे प्रकार अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा घाव निराळ्या वयावर पडतो. १९१८ साली मुंबईत उतरलेल्या साथीने वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयाची माणसे नेली. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला, तो एका शाळकरी मुलीचा. त्या साथीची लागण वृद्धांना तुलनेने कमी झाली. कारण १९५७ पूर्वीच त्या कुळातील विषाणूशी त्यांची गाठ पडली होती. उलट 'एच३एन२' हा प्रकार वृद्धांना, तर 'बी' प्रकार मुलांना अधिक छळतो.

कर्ते तरुण शहरात आणि गावी आजी-आजोबा व नातवंडे, अशी आज अनेक कुटुंबांची स्थिती आहे. सणाला गावी गेलेला नोकरदार दोन दिवस शिंकून बरा होतो. अंथरूण धरतात ते म्हातारे. ताप अंगात असता गावची वाट न धरणे, हे आमच्या वाचकांचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य शासनाचे. दरवर्षी घ्यावी लागणारी ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया व पाच वर्षांखालील मुले यांना ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाली पाहिजे. १९५२ पासून विषाणू-संशोधनाची संस्था ज्या पुण्यात आहे, त्या जिल्ह्याने तरी हा आरंभ करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.