पाणी प्यायला, तरी रोजा मोडला नाही!

बालमित्रांनो,

यावेळी आलेल्या पत्रांत सातवीतल्या एका मुलीचं पत्र आहे. अक्षर अगदी मोत्यासारखं, पण प्रश्न मात्र अवघड! ती विचारते, ‘काका, माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण रमजानमध्ये रोजे धरते. मधल्या सुट्टीत ती पाणीसुद्धा पीत नाही. मी तिच्यासमोर डबा खाल्ला तर मला पाप लागेल का? आणि काही मुलं तिला मुद्दाम चिंचा दाखवून चिडवतात, तेव्हा मी काय करू?’

शाबास! मैत्रिणीची एवढी काळजी वाटणं हीच मोठी गोष्ट आहे. उत्तर देतो, पण आधी माझीच एक गोष्ट ऐका. फारशी अभिमानाची नाही, तरी सांगतो.

साल १९८८. मीही सातवीतच होतो. त्या वर्षी रमजान एप्रिल महिन्यात सुरू झाला होता. परीक्षा संपलेल्या, डोक्यावर रणरणतं ऊन आणि गल्लीत दिवसभर क्रिकेट. माझा जिवलग मित्र त्या वर्षी पहिल्यांदाच सगळे रोजे धरत होता. एके दुपारी गोलंदाजी करून तो घामाघूम झाला, धावत नळावर गेला आणि ओंजळीने पाणी प्यायला लागला. दोन घोट पोटात गेले असतील नसतील, तोच मी ओरडलो, “अरे, तुझा रोजा ना? मोडला की!”

झालं! सगळी पोरं खो खो हसायला लागली. ‘मोडला रे मोडला’ म्हणून टाळ्या पिटायला सुरुवात झाली आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा. तो नळापाशी तसाच उभा राहिला. ओंजळीतलं पाणी गळून गेलं. मग एकदम त्याचा राग उफाळून आला. त्याने मला एक सणसणीत शिवी हासडली, हातात सापडली ती बॅट माझ्या पायावर फेकली आणि तो घरी निघून गेला.

संध्याकाळी आईने विचारलं, “लंगडतोस का रे?” सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आई आता त्याच्या घरी भांडायला जाईल. ती गेलीही, पण मला सोबत घेऊन! “आधी तू माफी माग, मग पायाचं बघू,” एवढंच ती वाटेत म्हणाली.

मित्र ओट्यावर तोंड पाडून बसला होता. डोळे सुजलेले. ‘माझा रोजा मोडला, आता मी इफ्तारला बसणार नाही,’ असा हट्ट धरून बसला होता. त्याच्या दादीने त्याला जवळ बोलावलं.

“पाणी प्यालास तेव्हा रोजा आठवत होता?”

“नाही दादी. हा ओरडला तेव्हा आठवला.”

“मग आठवल्यावर आणखी एक घोट घेतलास?”

“नाही.”

“मग रोजा शाबूत आहे, बेटा! विसरून प्यालास तर ते पाणी अल्लानेच पाजलं म्हणायचं.”

त्याचा चेहरा असा काही उजळला म्हणता! पण दादीचं बोलणं संपलं नव्हतं. “आता हे सांग, शिवी दिलीस ती विसरून दिलीस? बॅट फेकलीस ती विसरून फेकलीस?”

त्याने मान खाली घातली. दादी म्हणाल्या, “कुणी भांडायला आलं, तर ‘माझा रोजा आहे’ एवढंच सांगून गप्प राहा, असं पैगंबरांनी शिकवलंय. तू दोन घोट पाण्यासाठी दिवसभर रडलास. रडायचंच होतं, तर त्या शिवीसाठी रडायचंस.”

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मला कुणी एका शब्दानेही बोललं नव्हतं, पण ‘मोडला रे मोडला’ ओरडणारा मीच होतो ना! मी माफी मागितली, त्यानेही मागितली. इतक्यात मगरिबची अजान झाली. दादींनी ताटलीतला खजूर माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, “पण माझा तर रोजा नाही!” त्या हसून म्हणाल्या, “खजूर खायला रोजा कशाला लागतो?”

मुलांनो, रोजा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजायला लागलं. पुढे मी त्याचे नियमही समजून घेतले. तुम्हालाही सांगतो.

इस्लामच्या पाच स्तंभांपैकी रोजा हा एक. हजरत मुहंमद पैगंबर मक्केहून मदिनेला गेले, त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये, रमजानचे रोजे फर्ज म्हणजे बंधनकारक झाले. पहाटे उजाडायला लागण्यापूर्वी उठून खायचं, ती सहेरी. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. सूर्यास्त झाला की रोजा सोडायचा, तो इफ्तार. खजुराने किंवा पाण्याने रोजा सोडणं चांगलं मानतात. ‘मी अल्लासाठी रोजा धरतो आहे’ असा मनाशी निश्चय हवा, त्याला नियत म्हणतात. नियत नसेल, तर ती नुसती उपासमार!

आता गंमत बघा. नियम कडक आहेत, पण तेवढेच मायाळूही आहेत. लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, वयात आल्यावर तो फर्ज होतो. आजारी माणसाने आणि प्रवाशाने तेव्हा नाही धरला तरी चालतो, राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनाही सवलत आहे. फार म्हातारं झालेलं किंवा बरा न होणारा आजार असलेलं माणूस प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालतं, त्याला फिदया म्हणतात. सहेरी न चुकवणं आणि सूर्यास्तानंतर इफ्तारला उशीर न करणं हेच उत्तम मानलं आहे. जिवाला उगाच छळण्याला पुण्य म्हटलेलं नाही. ईदच्या दिवशी तर रोजा धरायलाच मनाई आहे!

मग पुण्य कशात आहे? कुरआनात रोज्याचा हेतू एका शब्दात सांगितला आहे, तो शब्द म्हणजे ‘तक्वा’. ईश्वर बघतो आहे याची जाणीव ठेवून वाईटापासून दूर राहणं, असा त्याचा अर्थ. विचार करा, बंद खोलीत कुणी गुपचूप पाणी प्यायलं तर कुणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही. म्हणून रोजा हा माणूस आणि अल्ला या दोघांमधला मामला मानतात आणि त्याचं फळ अल्ला स्वतः देतो, अशी श्रद्धा आहे. जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाला गरज नाही, असंही पैगंबरांनी बजावलं आहे. म्हणजे जिभेचा, हाताचा, डोळ्यांचाही रोजा असतो, बरं का! याच महिन्याच्या शेवटच्या दहा रात्रींत ‘शबे कद्र’ येते. कुरआन उतरण्याची सुरुवात झाली ती ही रात्र. हजार महिन्यांपेक्षा ती श्रेष्ठ मानतात.

भूक काय असते ते स्वतः सोसल्यावर दुसऱ्याची भूक कळते. म्हणून ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, अगदी तान्ह्या बाळाच्याही, गरिबांसाठी ‘फितरा’ काढतात. त्यांच्याही घरी ईद गोड व्हायला हवी ना! आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात, तसं इफ्तारला ताटं भरभरून वाढून घेतली आणि शेजारचा उपाशी राहिला, तर रोज्याचा अर्थच हरवला.

आता पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला उत्तर. तू डबा खुशाल खा. त्यात पाप नाही आणि तुझ्या खाण्याने तिचा रोजाही मोडत नाही. फक्त ‘घे ना एक घास, कोण बघतंय?’ असं म्हणू नकोस. चिंचा दाखवणाऱ्यांना ही गोष्ट वाचून दाखव. आणि मैत्रिणीला कधी चक्कर आली, बरं वाटेनासं झालं, तर लगेच बाईंना सांग. ती चुगली नव्हे, ती मैत्री.

आईबाबांसाठीही दोन शब्द. मोठ्यांचं बघून लहानगे रोजा धरायचा हट्ट करतात. कौतुक जरूर करा, पण ‘अमक्याने धरला, तू का नाही?’ अशी तुलना नको. मूल मलूल दिसलं तर न रागावता पाणी द्या. आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांच्या घरी रोजे नसतात, त्यांनी आपल्या मुलांना माझ्या आईसारखं कधीतरी हात धरून शेजारी घेऊन जावं.

जाता जाता एक गणित. इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, साधारण ३५४ दिवसांचं. मराठी पंचांगातले महिनेही चांद्रच, पण तिथे अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घालतात. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस आधी येतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो. आमचा तो एप्रिलमधला रमजान ३३ वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा एप्रिलमध्ये आला. आता कागद-पेन्सिल घ्या आणि शोधा, २०३० या एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा कसा काय सुरू होणार? उत्तर मला लिहून पाठवा.

आणि हो, तो मित्र अजूनही माझा मित्र आहे. इफ्तारला बोलावतो, तेव्हा पहिला खजूर माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, “पाय कसा आहे?”

तुमचा,
काका