बांगडा सोडून बाटलीकडे

सेम्बावांग स्टेशनाला लागून असलेला सन प्लाझा असो की सिंगापुरातलं दुसरं कुठलंही औषधांचं दुकान, माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचा एक कप्पा तिथे हमखास असतो. सुट्टीत गावी जाताना आईवडिलांसाठी त्यातली एखादी बाटली बॅगेत टाकणारी मराठी घरंही कमी नाहीत. 'हृदयाला चांगलं' एवढं कारण पुरतं.

या समजाला इतिहास आहे. 1970 च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइटांचा आहार अभ्यासला आणि माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चं नाव झालं. 1999 मध्ये इटलीतल्या 'गिसी' चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना रोज एक ग्रॅमचा फायदाही दिसला.

पुढे मात्र चित्र पालटलं. 2018 मध्ये 15,480 मधुमेहींवरच्या 'असेंड' आणि 25,871 जणांवरच्या 'व्हायटल' चाचणीत एक ग्रॅमच्या कॅप्सूलने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण प्रमाणात ठोस फरक पडला नाही. 'व्हायटल'मध्ये फायद्याची खूण दिसली ती मुळात मासे कमी खाणाऱ्यांत.

मग कॅप्सूलच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या 'रिड्यूस-इट' चाचणीचं काय? तिच्यात हृदयविकाराचा धोका 25 टक्क्यांनी घटला, हे खरं. पण तिथे ट्रायग्लिसराइड वाढलेल्या, स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना ईपीए या ओमेगा-3 च्या एका प्रकाराचं शुद्ध औषध रोज 4 ग्रॅम दिलं होतं. तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलावरून वादही झाला. दुकानातल्या 1,000 मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए हा दुसरा प्रकार मिळून बहुधा 300 मिलिग्रॅमच असतं. 4 ग्रॅम गाठायला दिवसाला तेराहून जास्त कॅप्सूल गिळाव्या लागतील! शिवाय मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

सिंगापुरात अशी पूरक उत्पादनं विकण्याआधी आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे एचएसएची मंजुरी लागत नाही. सुरक्षिततेची आणि दर्जाची जबाबदारी विक्रेत्याची. बाटली कपाटात दिसली म्हणजे तिचा उपयोग सरकारने तपासला, असं मुळीच नाही.

गंमत अशी, की कोकणातून आलेल्या माणसाला इथे ओमेगा-3 साठी बाटली उघडायची गरजच नाही. मलय घरांत रोजचा असलेला इकान केम्बुंग हा बांगड्याच्याच जातकुळीतला. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, तेही तळून नव्हे. म्हणजे बांगड्याचं तिखलं चालेल, रव्यात घोळवून तळलेली तुकडी रोज नको. माशासोबत प्रथिनं येतात आणि ताटातलं मटण किंवा तळण तेवढं कमी होतं. कॅप्सूल नेहमीच्या जेवणावर वरून घेतली जाते, ताटात काहीच बदलत नाही.

शाकाहारी घरांना जवस आणि अक्रोड आहेत. त्यांतलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं असून शरीर त्याचं ईपीए फार थोडं बनवतं, तरी आहार म्हणून ते उत्तमच.

आईवडिलांसाठी बाटलीवर जाणारे पैसे रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीवर खर्चलेले बरे. स्वतःसाठी म्हणाल, तर सिंगापूरच्या चाळिशीपुढच्या नागरिकांना आणि स्थायी रहिवाशांना 2023 पासून 'हेल्दियर एसजी' योजनेत एका ठरलेल्या डॉक्टरकडे नाव नोंदवता येतं. कॅप्सूल आधीच सुरू असेल, तर ती कशासाठी आणि किती, हे आपल्या डॉक्टरला विचारावं, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तेव्हा.