अतिथी आणि आधार

हॉटेलवाल्यानं गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, याचे म्हणे आता कोर्स निघालेत. तरी मागे परगावी रात्री अकराला एका लॉजवर पोचलो, तर काउंटरमागच्या इसमानं मान वर न करता विचारलं, “बुकिंग?” पुढचा शब्द, “आधार?” त्या वेळी मलाही आधारच हवा होता, त्याला कार्ड हवं होतं.

त्याच्या डोक्यावर पाटी, ‘अतिथी देवो भव’. केंद्र सरकारनं २००५ साली याच नावाची मोहीम काढली होती. वचन तैत्तिरीय उपनिषदातलं. शिकून निघालेल्या शिष्याला गुरू ते सांगतो. म्हणजे पाटी वाचायची काउंटरमागच्यानं, पण तिचं तोंड माझ्याकडे! शिवाय अतिथी म्हणजे तिथी न ठरवता येणारा. त्यालाच विचारायचं, बुकिंग?

उलट नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये बसा. वाढणारा ‘परशादा, वाहेगुरू’ म्हणत येतो आणि तुम्ही दोन्ही हात पुढे करेपर्यंत थांबतो. कोर्स एवढाच. ना बुकिंग, ना बिल.

इंग्रजी येत नाही म्हणून मराठवाड्यात पर्यटक टिकत नाही, असं जाणकार सांगतात. साफ खोटं! आमच्या मुखेडाकडं दारातल्या परक्यालाही ‘या, टेका, पाणी घ्या’ म्हणतात. तेच पोरगं टाय बांधून काउंटरमागं उभं केलं की मुकं होतं.

बँकेतल्या माणसानं हे कोणत्या तोंडानं सांगावं, असं कुणी म्हणेल. कबूल. आमच्या भिंतीवर ‘सस्मित सेवा’ लिहिलंय आणि त्याखाली बसून मी वीस वर्षं ‘उद्या या’ म्हणतोय. पण गिऱ्हाइकाला आम्ही देव कधी म्हटलं नाही हो!